टिटवी का ओरडते? फाल्गुनातल्या किनाऱ्यावरचा आरोग्यपाठ



तपासणी शिबिरात आम्ही प्रत्येकीला एक प्रश्न हमखास विचारतो, "दिवसातून किती चालता?" उत्तर ठरलेले असते, "दिवसभर चालतोच की. बाजारात, शेतात, पाण्याला." ते खोटे नाही. पण त्या चालण्यात डोक्यावर ओझे असते, नजर पायाखाली असते आणि मन घरी चुलीपाशी असते. रिकाम्या हाताने आणि वर मान करून आपण शेवटच्या कधी चाललो, असे विचारले की बायका हसतात आणि गप्प होतात.

म्हणून आमच्या महिला मंडळाने किनाऱ्यावरची फेरी सुरू केली. फाल्गुन आणि चैत्रात आम्ही दहा-बारा जणी शिरोड्याचे मिठागर, वेळागरचा किनारा आणि तिथून आरवलीच्या बाजूला असे सकाळचे दोन-अडीच तास चालतो. चालता चालता पक्षी, किडे आणि फुले पाहतो. जे दिसेल ते वहीत लिहितो. नुसते "चाला" म्हटले तर आठ दिवसांत कंटाळा येतो. बघायला काही असले की पाय आपोआप चालतात. या फेरीत काय पाहायचे, कसे पाहायचे आणि कोणती काळजी घ्यायची, त्याचा हा पाठ.

निघण्याआधी

वेळ ओहोटीची हवी. वाळू उघडी पडते तेव्हाच पक्षी खायला उतरतात. आमच्या भागात पौर्णिमा-अमावास्येला भल्या पहाटे ओहोटी असते आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. म्हणून पौर्णिमेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस धरला की सूर्योदयाच्या सुमारास किनारा मोकळा मिळतो. गावातल्या कोळणीला विचारा, ती भरती-ओहोटी बोटांवर मोजून सांगेल.

सोबत पाण्याची बाटली, डोक्याला पदर किंवा टोपी, अंगभर सुती कपडे, वही आणि पेन्सिल घ्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेप्रमाणे औषध आणि न्याहारी घ्या आणि खिशात साखर किंवा बिस्किटाचा पुडा ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली की जागीच बसा आणि साखर खा. दम्याचा पंप असेल तर तो जवळ असू द्या, कारण हे दिवस मोहोराचे आणि परागाचे आहेत. नऊच्या आत परत फिरा.

वही कशी लिहायची

नर्सिंगला शिकत होतो तेव्हा आम्ही पेशंटच्या तक्त्यावर "तब्येत बरी" असे लिहिले की शिकवणाऱ्या सिस्टर तो कागद परत देत. बरी म्हणजे काय? ताप किती, नाडी किती, श्वास किती, ते लिहा. जे डोळ्यांना दिसले ते आधी आणि मत नंतर.

किनाऱ्यावरही आम्ही तीच शिस्त ठेवली आहे. तारीख, वेळ, ओहोटी की भरती, जागा, मग काय दिसले, किती दिसले, ते काय करत होते. नावाचा रकाना सगळ्यात शेवटी. नाव माहीत नसेल तर तो कोरा ठेवायचा, ओढूनताणून भरायचा नाही. "चिमणीएवढा, पाठ मातकट, पोट पांढरे, पळतो, थांबतो, टोचतो, पुन्हा पळतो," एवढे लिहिले तरी पुढच्या वेळी तो पक्षी तुमच्या ओळखीचा असतो.

मिठागराचे बांध

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याचे नाव देशभर झाले. इथल्या मिठागरांत उन्हाळ्यात मिठाचे काम चालते. उथळ पाणी आणि चिखल असल्यामुळे पक्ष्यांचीही तिथे गर्दी असते.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो शेकाट्या. काळे पंख, पांढरे अंग आणि काटकुळे, लांब गुलाबी पाय. बांधाच्या कडेने शेपटाकडचा भाग सारखा वरखाली हलवत चालणारा छोटा पक्षी दिसला तर तो तुतवार. तो स्वस्थ उभा राहतच नाही, हीच त्याची खूण.

वर पाहा. विटकरी-तांबड्या अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार घिरट्या घालत असेल. पुस्तकात तिचे नाव ब्राह्मणी घार. पहिल्या वर्षी आम्ही ते नाव वाचून दाखवले, तेव्हा मिठागरात जन्म गेलेली एक आजी म्हणाली, "गो बाय, ती तांबडी घार. घारीक जात कित्याक व्हयी?" आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. तेव्हापासून आमच्या वहीत ती तांबडी घार आहे. दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला कळावे म्हणून पुस्तकातले नाव शेजारी लिहितो.

टिटवीची गोष्ट

मिठागराच्या कडेच्या मोकळ्या माळावर टिटवी भेटते. काळे डोके आणि छाती, पांढरे पोट, पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी. तिची हाक सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिच्याबद्दलची भीतीही. रात्री टिटवी ओरडली म्हणजे घरात कुणाचे तरी मरण, असे अजून मानतात.

आम्ही उपकेंद्रावर नोकरीला होतो तेव्हाची एक रात्र विसरता येत नाही. एका वाडीत बाळंतीण अडली होती. रक्तस्राव सुरू झाला होता. गाडी दारात होती. बाईला उचलणार तेवढ्यात शेतातून टिटवी ओरडली आणि घरातली मोठी माणसे अडून बसली, "आता बाहेर नेऊ नका, अपशकुन झाला." आम्ही हात जोडले, आवाज चढवला. त्यात अर्धा तास गेला. बाई वाचली, पण रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या आणि पुढचे कित्येक महिने ती उठून धड कामाला लागली नाही. रक्तस्रावात अर्धा तास म्हणजे काय, हे त्या घराला समजावून सांगायला आमच्याकडे शब्द होते. टिटवी का ओरडली, हे सांगायला मात्र नव्हते.

आज ते सांगता येते. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा आणि त्यांवर काळे डाग, त्यामुळे पायाजवळ असली तरी दिसत नाहीत. तिचा हा काळ साधारण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालतो. माणूस, कुत्रा, कोल्हा, कुणीही त्या बाजूला गेले की ती ओरडत उठते आणि डोक्यावरून झेपा घेते. ती रात्रीही जागी असते, म्हणून रात्रीही ओरडते. आई पिल्लांसाठी आरडाओरड करते, एवढाच त्याचा अर्थ. त्या रात्री कंदील घेऊन चार माणसे शेताच्या कडेने धावत आली होती. ती ओरडणारच.

आता आम्ही फेरीत टिटवी दाखवतो. ती ओरडायला लागली की दोन पावले मागे येतो. ती गप्प होते. पुन्हा दोन पावले पुढे गेलो की पुन्हा ओरडते. दोनदा करून दाखवले की पुरे. त्यानंतर मात्र तिथून दूर व्हायचे, कारण ती अंड्यांवरून उठलेली असते आणि ऊन वाढत असते. ज्या बाईने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ती घरातली गाडी टिटवीसाठी थांबवणार नाही, असा आमचा अनुभव आहे.

वाळूवर

मिठागरापासून रिक्षाने वेळागरला आलो की सुरूच्या बनापलीकडे किनारा उघडतो. पाण्याच्या रेषेजवळ कुरव, म्हणजे सीगल, थव्याने बसलेले असतात. हे पाहुणे आहेत. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका. फाल्गुनात तेच डोके तपकिरी होऊ लागते, जणू कुणी टोपडे घातले. एकाच थव्यात पांढरी, अर्धवट आणि पूर्ण तपकिरी डोकी मोजता येतात. डोके रंगले की समजायचे, यांचे निघायचे दिवस आले. तपकिरी डोक्याचा कुरव इथून उत्तरेला, लडाख-तिबेटसारख्या उंच पठारांवरच्या तळ्यांकडे विणीला जातो.

त्यांच्याजवळच पळणारे, थांबणारे, टोचणारे छोटे चिखले. मार्चअखेर त्यांतल्या काहींच्या मातकट छातीवर नारिंगी पट्टा उमटतो. त्यांचाही प्रवास लांबचा आहे आणि त्यासाठी अंगात चरबी साठवायचे हे शेवटचे दिवस. मुले त्यांच्यामागे धावून थवा उडवतात, तेव्हा ती साठवण खर्च होते. मुलांना तसेच सांगा, ती ऐकतात.

पाणी संपून कोरडी वाळू सुरू होते तिथे मर्यादवेल पसरलेली असते. आपट्यासारखे दुभंगलेले जाड पान, जांभळट गुलाबी कर्ण्यासारखे फूल. फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते, म्हणून ती पाहायची तर सकाळीच. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही वेल, म्हणून हे नाव. तिची मुळे गाठीगाठीतून वाळूत शिरतात आणि वाळू धरून ठेवतात. तिच्यावरून गाडी फिरवली की ती वाळूही सुटते.

झाडे आणि फुले

किनाऱ्यालगत भेंडीचे झाड असते, भाजीची भेंडी नव्हे. त्याचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत लालसर होते. खाली पडलेली फुले गोळा करून रंगावरून कोणते आधीचे आणि कोणते आजचे ते लावा. मुलांना हा खेळ आवडतो.

खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या पायथ्याशी मारांडी फुलते. पाने काटेरी, फूल निळे-जांभळे. तिथेच चिप्पीचे झाड दिसेल. पांढरी चिप्पी ही २०२० पासून महाराष्ट्राची राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिची फुले रात्री उमलतात, त्यामुळे सकाळी झाडाखाली फक्त पांढऱ्या केसरांचा सडा सापडतो.

गावाकडे वळलो की पांगारा आणि सावर पाने गाळून लाल झालेले असतात. या झाडांखाली दहा मिनिटे बसा. मैना, बुलबुल, कावळे, चमकदार काळा-जांभळा शिंजीर आणि गुलाबी अंगाच्या भोरड्या, सगळे मधासाठी येतात. भोरड्याही पाहुण्याच, एप्रिल सरता सरता निघून जातात. जवळच तांबट टुक-टुक करत असतो. आंब्यात कोकिळ ओरडतो, आणि तो नर असतो हे लक्षात घ्या. काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्यांची.

आरवली, आसोलीकडे हे दिवस सुरंगीचे. फांदीला चिकटून येणाऱ्या तिच्या कळ्या उमलण्याआधी, अगदी पहाटे काढाव्या लागतात. त्याचे वळेसर बाजारात जातात. वास आपल्याला येतो, पण झाडावर चढतो तो कुणीतरी गरीब माणूस. दव पडलेल्या फांदीवरून पाय घसरला तर कंबर कायमची जाते. पडलेल्या माणसाला हात-पाय धरून उचलू नका. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर घ्या आणि १०८ ला फोन करा.

किडे: आधी पाय मोजा

सहा पाय तो कीटक, आठ पाय तो कोळी, दहा पाय तो खेकडा. ओल्या वाळूत राईएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, ती करणारा दहा पायांचा आहे, म्हणून तो या धड्यातला नव्हे. सुरूखालच्या कोरड्या वाळूत मात्र नरसाळ्यासारखे छोटे खळगे दिसतील. तळाशी एक किडा लपलेला असतो. मुंगी घसरून खाली आली की तो तिला धरतो. काडी न घालता नुसते पाहत बसा.

रुईच्या झाडाशी थांबा. पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असते. ती रुईचे विषारी पान खाते, ते विष अंगात साठवते आणि मोठी होऊन प्लेन टायगर नावाचे नारिंगी फुलपाखरू होते. कडवट लागते म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. रुईच्या फुलावर मोठा काळा भुंगा घोंघावत असतो. तो आपल्या वाटेला जात नाही, आपण त्याच्या जाऊ नये.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर हलक्यात घेऊ नका. नजर धूसर होते, पण कधी कधी डोळा दुखतच नाही आणि माणूस घरी बसून राहतो. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दूध, मध, तूप काहीही घालायचे नाही. पान तोडले तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

आंब्याची पाने एकमेकांना शिवलेली दिसली तर ते हुमल्यांचे घर, काही गावांत त्यांना ओंबील म्हणतात. शिवायला दोरा लागतो, तो त्यांच्या अळ्यांच्या रेशमाचा. फांदीला धक्का लावू नका, कडकडून चावतात.

वेडा राघू तारेवर बसून मधमाशी पकडतो आणि गिळण्याआधी ती फांदीवर आपटून नांगी काढतो. आपल्याला ती कला नाही. एखादी माशी चावली तर नांगी लगेच, नखाने खरवडून का होईना, काढा. साबणाने धुवा, गार कपडा ठेवा, हाताला चावली असेल तर बांगड्या आणि अंगठी सूज येण्याआधी काढा. आग्या माश्यांचे मोहळ उठले तर पदराने तोंड झाका आणि पळत घरात किंवा गाडीत शिरा. हात झाडू नका, पाण्यात उडी मारू नका. अंगभर गांधी, घसा आवळणे, धाप, चक्कर, उलटी यांतले काहीही दिसले तर एकच माशी चावलेली असली तरी घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ बोलवा.

परत आल्यावर पाय पाहा

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका काकीने वाळूत चप्पल काढून हातात घेतली. बारा वर्षांची साखर, पायांना मुंग्या येऊन येऊन संवेदना गेलेली. परतताना वाळू तापली होती. बाकीच्या जणी उड्या मारत चालल्या, काकी शांतपणे चालली. आम्हाला वाटले, काटक आहे. तिसऱ्या दिवशी सुनेने चादरीवर डाग पाहिला, तेव्हा तळव्याला फोड येऊन फुटले होते. दोन महिने ड्रेसिंग चालले. बोट थोडक्यात वाचले.

दोन तास आम्ही कुरवाच्या डोळ्यामागचा ठिपका शोधत होतो आणि शेजारी चालणाऱ्या काकीचे पाय पाहिले नव्हते. ती चूक आमची. साखरेच्या बाईला चटका लागत नाही, हे आम्हाला माहीत असायला हवे होते आणि होतेही.

म्हणून आता साखर असलेल्या बाईने मऊ, बंद चप्पल-बूट घालूनच वाळूत उतरायचे, हा नियम आहे. निघण्यापूर्वी बुटात हात घालून खडा किंवा काटा आहे का पाहायचे. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा कोरडे करून उजेडात पाहायचे. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा किंवा सुनेला, लेकीला पाहायला सांगायचे. लाली, फोड, भेग, रंग बदललेली जागा, जे दिसेल ते वहीत लिहायचे. जखम दिसली तर हळद-चुना न लावता दवाखान्यात दाखवायची.

काकी अजूनही फेरीला येते. तिच्या वहीत डाव्या पानावर पक्षी आणि उजव्या पानावर पाय असतात. मागच्या महिन्यात डावीकडे लिहिले होते, "शेकाटे ९, टिटवी २, तांबडी घार १." उजवीकडे, "डावा पाय, करंगळीखाली लाल, वाटाण्याएवढे." त्याच दिवशी ती दवाखान्यात गेली. यावेळी फोड येण्याआधीच कळले होते.

या महिन्याचा गृहपाठ

१. घराजवळच्या एका झाडाखाली किंवा पाणथळ जागी सकाळी पंधरा मिनिटे बसा. दिसलेले लिहा, नाव शेवटी.

२. घरात कुणी टिटवीला अपशकुनी म्हणत असेल तर वाद घालू नका. त्यांना माळावर नेऊन लांबून ती दाखवा.

३. साखर असलेल्या प्रत्येक नातेवाइकाचे पाय आज रात्री उजेडात पाहा.

वहीतली पाने आमच्याकडे पाठवा. कोऱ्या रकान्यातली नावे आपण सगळ्या मिळून शोधू.